दान, दाता आणि हिशेबवही

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या मधून वाहणाऱ्या जाम नदीच्या पात्रात जी गोटमार होते, तिच्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस आज त्याच दिवसांतील एका निराळ्या आणि शांत दृश्याविषयी लिहावयाचे आहे. पोळा सरतो, चार दिवसांवर गणेशचतुर्थी येऊन ठेपते, आणि पांढुर्णा व सौंसर या दोन्ही गावांत घरोघरी पावतीपुस्तके हिंडू लागतात. कोणी उत्सवाची वर्गणी मागतो, कोणी अन्नछत्राची, कोणी देवळाच्या जीर्णोद्धाराची, तर कोणी दूरच्या एखाद्या अनाथाश्रमाचे छापील पत्रक पुढे करतो. कापसाचा आणि संत्र्याचा हा मुलूख हात आखडणारा नाही. देणे हा येथील घराघराचा नित्याचार आहे.

अशाच एका पोळ्यास आम्ही पांढुर्ण्यात एका परिचित घरी बसलो असता काही तरुण पावतीपुस्तक घेऊन आले. घरातील वृद्ध बाईंनी कनवटीच्या नोटा काढल्या, पण हातात धरून ठेवल्या, आणि विचारले, “मागच्या साली देल्ल्या पैशाचं काय केलं रे बाप्पा?” तरुण गोंधळले. घरातील कर्ता पुरुष ओशाळून म्हणाला, “आई, देवाच्या कामाचा हिशोब कोणी इचारते काय?” बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी नोटा दिल्या, पावती घेतली, आणि ती देव्हाऱ्यातील पोथीत घालून ठेवली.

तो प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. त्याचे कारण काहीसे खाजगी आहे. आमच्या घरातील एका वडीलधाऱ्या माणसाच्या स्मरणार्थ काढून ठेवलेली एक रक्कम आम्ही पूर्वी अशाच एका दूरच्या संस्थेस केवळ पत्रकावरील छायाचित्र पाहून पाठविली होती. पोच आली नाही. वर्षभराने विचारपूस करण्यासाठी पाठविलेले पत्र ‘पत्ता सापडत नाही’ असा शेरा घेऊन परत आले. रक्कम मोठी नव्हती. परंतु जिच्या नावाने ती दिली होती त्या व्यक्तीने ती पै पै करून साठविली होती. तेव्हापासून आम्हांस वाटू लागले की, दात्याने हिशेब विचारणे हा खरोखरच श्रद्धेचा भंग आहे की श्रद्धेचेच एक अंग आहे, याचा शोध इतिहासात घेतला पाहिजे. प्रस्तुत लेख हा त्या शोधाचा सारांश होय.

प्रथम आपण नाशिकच्या लेण्यांकडे वळू. तेथील दहाव्या लेण्यात क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याचा इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील एक शिलालेख आहे. बेचाळिसाव्या वर्षी उषवदाताने तेथील भिक्षुसंघास तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दलास कधीही हात न लावावयाची ठेव, अर्पण केली. ही रक्कम त्याने संघाच्या हाती दिली नाही. त्याने ती गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. आणि एक हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. दोन हजारांच्या व्याजातून वर्षावासास राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे, असे त्याने कोरून ठेवले.

वाचकांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे दरमहा वीस. वर्षाचे दोनशे चाळीस. आणि वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा दिले तर बरोबर दोनशे चाळीस. एक कार्षापण उरत नाही आणि एक कमी पडत नाही. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या दात्याने आपल्या दानाची बेरीज-वजाबाकी डोंगराच्या कातळावर लिहून ठेवली आहे, आणि येणारा-जाणारा कोणीही ती ताडून पाहू शकतो. इतकेच नव्हे, तर ही व्यवस्था निगमसभेत जाहीर करण्यात आली आणि दप्तरी नोंदविण्यात आली, असेही तो लेख सांगतो. याच उषवदाताने घाट बांधले, नद्यांवर विनामूल्य नावा चालविल्या, ब्राह्मणांना गायी दिल्या. त्याच्या धर्मबुद्धीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही दानाचा हेतू, मुद्दल, व्याज, लाभार्थी आणि नोंद ही पाचही अंगे त्याने उघड केली. हिशेबाची ही पद्धत इंग्रजांनी आणली, असे जे मानतात त्यांनी नाशिकास एकदा अवश्य जावे.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा पाचव्या शतकातील एक ताम्रपट खुद्द पांढुर्ण्यास मिळालेला आहे. म्हणजे दानाची लेखी नोंद करण्याची परंपरा या गावाच्या मातीतच सापडली, असे म्हणण्यास हरकत नाही. याच राजाचा दुसरा एक ताम्रपट अमरावती जिल्ह्यात अचलपूरजवळच्या चम्मक गावी सापडला, आणि तो आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. चर्मांक नावाचे गाव राजाने एक हजार ब्राह्मणांना दान केले. पण त्या दानाला अटी घातल्या. दान घेणाऱ्यांनी राज्याचा द्रोह करू नये, ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार यांपासून दूर राहावे, युद्ध करू नये, शेजारच्या गावांना उपद्रव देऊ नये. या अटी मोडल्यास राजाने जमीन परत घेतली तरी ती चोरी ठरणार नाही, असे त्या पटात स्पष्ट म्हटले आहे.

दान सोडले की दात्याचा संबंध संपला, असे आपण सहज बोलून जातो. स्वत्वाचा संबंध संपतो हे खरे. परंतु हेतूचा संबंध संपत नाही. धर्मशास्त्रकारांनी दानाच्या विचारात देश, काल आणि पात्र या तिहींना जे स्थान दिले, गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे जे तीन प्रकार सांगितले, आणि देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि याने आपल्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’त दानासाठी जो एक सबंध खंड लिहिला, त्या सर्वांचे मर्म हेच आहे. पात्र कोण, हे पाहण्याची जबाबदारी शास्त्राने घेणाऱ्यावर टाकलेली नाही. ती देणाऱ्यावर टाकली आहे. तेव्हा अपात्री दान करणारा मनुष्य भोळा असेल, पण शास्त्राच्या दृष्टीने तो निर्दोष नाही.

नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत हा सारा प्रदेश त्यांच्या राज्यात होता. देवळांना माफीच्या जमिनी असत आणि गावचा मालगुजार दिवाबत्तीचा भार उचलीत असे. अशा व्यवस्थेत दाता आणि देऊळ एकाच गावात नांदत. नंदादीप जळतो की नाही हे पाहण्यास कागद लागत नसे. संध्याकाळी देवळात गेले की पुरे. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६३ च्या धार्मिक दाननिधी कायद्याने इंग्रज सरकारने देवस्थानांच्या व्यवस्थेतून आपले अंग काढून घेतले, आणि जी देवस्थाने पूर्वी सरकारी देखरेखीखाली होती ती विश्वस्तांच्या किंवा स्थानिक समित्यांच्या हाती सोपविली. देखरेख गेली, परंतु तिची जागा लगेच कोणी घेतली नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील ब्याण्णवाव्या कलमाने दोन किंवा अधिक हितसंबंधी व्यक्तींना, परवानगी घेऊन, सार्वजनिक न्यासाच्या गैरव्यवस्थेविरुद्ध दावा लावण्याचा मार्ग दिला. १९२० च्या कायद्याने न्यासाशी हितसंबंध असलेल्या कोणाही माणसास न्यायालयाकडे अर्ज करून विश्वस्तांकडून न्यासाचा तपशील आणि हिशेब मागविण्याची सोय केली. मात्र दोन्ही मार्गांचा शेवट कोर्टातच होत असे. पाच रुपये देणारा मनुष्य वकिलाची फी कोठून देणार?

यानंतर जे घडले ते पांढुर्णा-सौंसरच्या वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावे. १९५१ साली जुन्या मध्य प्रदेशात मालगुजारी नष्ट झाली, आणि त्याच साली नागपूर येथील विधानसभेने ‘मध्य प्रदेश सार्वजनिक न्यास कायदा’ संमत केला. एकाच वर्षी घडलेल्या या दोन गोष्टींचा संबंध आमच्या मते दुर्लक्षिण्यासारखा नाही. देवळाचा एक मोठा आश्रयदाता मागे सरला आणि त्याची जागा हजारो लहान वर्गणीदारांनी घेतली. एक दाता स्वतः देवळात जाऊन पाहू शकतो; हजार दात्यांसाठी वही लागते. त्या वहीची तरतूद या कायद्याने केली.

या कायद्याप्रमाणे देऊळ, मठ, मशीद, चर्च, वक्फ, अथवा धार्मिक वा परोपकारी हेतूने स्थापन झालेली संस्था हे सर्व सार्वजनिक न्यास होत. जिल्हाधिकारी हा त्यांचा निबंधक. प्रत्यक्षात हे काम बहुधा उपविभागीय अधिकाऱ्याकडे सोपविलेले असते. कार्यकारी विश्वस्ताने न्यासाची नोंदणी करावी, मालमत्ता, उत्पन्न आणि हेतू सांगावा, निबंधकाने चौकशी करून ते नोंदवहीत उतरवावे, आणि विश्वस्तांनी नियमित हिशेब ठेवून त्यांचे लेखापरीक्षण करवावे, असा त्याचा आराखडा आहे. निबंधकाच्या पूर्वसंमतीवाचून न्यासाची स्थावर मालमत्ता विकता, गहाण टाकता किंवा बक्षीस देता येत नाही. शेतजमीन सात वर्षांहून अधिक, आणि इतर जमीन वा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या पट्ट्याने देता येत नाही.

पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्ह्यातील पांढुर्णा-सौंसरचा मराठी मुलूख मात्र नव्या मध्य प्रदेशात राहिला. विदर्भात १९६१ मध्ये १९५० चा मुंबई सार्वजनिक न्यास कायदा लागू झाला आणि नागपूर धर्मादाय आयुक्तांच्या व्यवस्थेखाली आले. १९५१ चा कायदा नव्या मध्य प्रदेशात पुढे चालू राहिला. ज्या नागपुरात तो जन्मला, तेथून तो गेला; आणि जी दोन गावे नागपूरपासून तुटली, तेथे तो आजही नांदतो आहे. भाषा नागपूरची, सोयरीक वरूड-काटोलची, पण देवळाच्या वहीचा कायदा भोपाळचा, अशी ही स्थिती आहे. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि जिल्हाधिकाऱ्याचे कार्यालय छिंदवाड्याहून या लोकांच्या दारी आले. ती वही पाहण्यासाठी आता पूर्वीइतकी पायपीट नाही.

या सीमेमुळे दात्याला एक व्यावहारिक अडचण मात्र येते. सौंसरजवळच्या जामसावळीस हनुमंताच्या दर्शनाला जाणारा भक्त जे देतो त्याची नोंद मध्य प्रदेशात. तोच भक्त आषाढीस पंढरपुरास जातो, मार्गशीर्षात माहूर किंवा औदुंबरास जातो, नागपूरच्या एखाद्या रुग्णसेवा संस्थेस वर्गणी देतो. त्या सर्वांची नोंद महाराष्ट्रात. तेव्हा कोणत्या दारी चौकशी करावी हे दात्याने देण्यापूर्वीच जाणले पाहिजे.

पंढरपूरचेच उदाहरण घेऊ, कारण या मुलखातील असंख्य माळकरी घरांची देणगी शतकानुशतके तेथे गेली आहे. श्रीविठ्ठलापुढे भक्त जे अर्पण करीत, ते गोळा करण्याचा हक्क बडवे मंडळींकडे वंशपरंपरेने होता, आणि तो हक्क ते आपसांत लिलावाने देत. म्हणजे देवापुढे ठेवलेला पैसा लिलाव घेणाऱ्याच्या उत्पन्नात जमा होई. वारकऱ्याची समजूत मात्र अशी की, आपण पांडुरंगास दिले. बडव्यांनी संकटकाळी मूर्तीचे रक्षण केले, हा इतिहास आम्ही विसरत नाही. परंतु सेवेचा हक्क आणि दानाचा विनियोग या दोन भिन्न गोष्टी होत. राज्य सरकारने नेमलेल्या नाडकर्णी आयोगाने या व्यवस्थेची चौकशी केली आणि १९७० मध्ये अहवाल दिला. त्यावरून १९७३ चा पंढरपूर मंदिरे कायदा झाला आणि वंशपरंपरागत हक्क रद्द ठरले. त्यावरील न्यायालयीन झगडा जवळजवळ चाळीस वर्षे चालला. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अखेरचा निर्णय दिला तेव्हा तो मिटला. चार दशकांत किती वारकरी आले, किती गेले! ज्यांच्या नाण्यांविषयी तो वाद होता त्यांपैकी बहुतेकांना तो वाद ठाऊकही नव्हता.

दुसरे उदाहरण खुद्द मध्य प्रदेशातील, आणि तेही मराठी दातृत्वाच्या शिखराचे. देवी अहिल्याबाई होळकर यांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत जे घाट, देवळे, धर्मशाळा आणि अन्नछत्रे उभारली, त्यांचा खर्च खासगीच्या उत्पन्नातून केला, हे सर्वश्रुत आहे. स्वातंत्र्यानंतर या धर्मकार्याच्या मालमत्ता सांभाळण्यासाठी १९६२ मध्ये इंदुरास खासगी न्यास स्थापन झाला. देशभर पसरलेल्या त्या मालमत्तांची संख्या २४६ होती. त्यांपैकी काहींच्या विक्रीवरून वाद उत्पन्न झाला. न्यासाचे म्हणणे असे की, १९५१ चा न्यास कायदा आपणांस लागू नाही. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, तो लागू आहे. न्यासाने नोंदणी करावी, आणि पूर्वसंमतीवाचून झालेल्या हस्तांतरांची निबंधकाने चौकशी करावी. नागपुरात १९५१ साली लिहिलेला कायदा सत्तर वर्षांनंतर अहिल्याबाईंच्या दानाच्या रक्षणास असा उपयोगी पडला. पण त्याबरोबर हेही ध्यानात घ्यावे की, नोंदवहीत नाव चढण्याचा प्रश्न साठ वर्षे अनिर्णित राहिला, आणि तोवर विचारणारे फार थोडे होते.

गोमंतकातील आमच्या वाचकांना ही चर्चा परकी वाटू नये. तेथील देवस्थानांच्या महाजनांसाठी पोर्तुगीज सरकारने १८८६ मध्ये आणि पुढे १९३३ मध्ये नियम केले. देवस्थानाचे अंदाजपत्रक आणि जमाखर्च प्रशासकापुढे ठेवण्याची पद्धत त्यांतून रूढ झाली, आणि १९६१ च्या मुक्तीनंतरही मामलतदाराकडे ते काम राहिले. परंतु तेथे हिशेब विचारण्याचा अधिकार मुख्यतः महाजनांचा. दर्शनास येऊन पेटीत पैसे टाकणारा सामान्य भाविक त्या सभेचा घटक नसतो. विदर्भात काय, गोमंतकात काय, कायद्याचे रूप वेगळे असले तरी दात्याचे एकाकीपण सारखेच आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. सरकारला देवळाच्या वहीत हात घालू दिला तर उद्या ते देवाचा पैसा दुसरीकडे वळविणार नाही कशावरून? या प्रश्नास सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच, रतिलाल गांधी यांच्या खटल्यात, उत्तर दिले आहे. मुंबईच्या कायद्यातील नोंदणी आणि हिशेबतपासणी न्यायालयाने वैध ठरविली. परंतु न्यासाचा पैसा दात्याच्या मूळ हेतूबाहेर वळविण्याचा जो अधिकार त्या कायद्याने देऊ केला होता, तो धर्मस्वातंत्र्याचा भंग म्हणून रद्द केला. हिशेब पाहणे वेगळे आणि हेतू बदलणे वेगळे. पहिल्याने दात्याचे रक्षण होते, दुसऱ्याने त्याची वंचना होते. ही वंचना सरकारने केली काय किंवा विश्वस्ताने केली काय, दात्याला दोन्ही सारखीच.

आता व्यवहाराकडे वळू. देण्यापूर्वी दात्याने काय पाहावे?

पहिली गोष्ट पावती. तीवर न्यासाचा नोंदणी क्रमांक आणि पत्ता छापलेला असावा. महाराष्ट्रात हिंदू धार्मिक न्यासाच्या क्रमांकापूर्वी ‘ए’ आणि नोंदणीकृत संस्थेच्या क्रमांकापूर्वी ‘एफ’ हे अक्षर असते. क्रमांक असणे ही सचोटीची ग्वाही नव्हे. परंतु क्रमांक असला तर चौकशीस जागा असते. न्यासाने निबंधकाच्या किंवा धर्मादाय आयुक्ताच्या कार्यालयात दाखल केलेली कागदपत्रे माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यान्वये मागता येतात. शक्य तेथे पैसे बँकेतून, संस्थेच्या नावावरील खात्यातच द्यावेत. आणणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यात देऊ नयेत.

दुसरी गोष्ट जमाखर्च. महाराष्ट्राच्या नियमांत उत्पन्न-खर्चाचा जो नमुना आहे त्यात आस्थापनेचा खर्च वेगळा दाखवावा लागतो आणि न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च वेगळा; उद्दिष्टांतही धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय, दारिद्र्यनिवारण असे रकाने असतात. मध्य प्रदेशातील दात्यानेही कोणत्याही संस्थेचा हिशेब याच नजरेने वाचावा. अन्नछत्राच्या नावे पैसे गोळा झाले असतील तर अन्नाच्या रकान्यात काय आहे? इमारतीत काय गेले? शिल्लक किती, आणि ती कशासाठी राखली आहे?

परंतु येथे एक सावधगिरी हवी. आस्थापनेचा खर्च कमी तेवढी संस्था चांगली, असा सोपा नियम पुष्कळजण सांगतात. सरकारनेही परदेशी देणग्यांच्या बाबतीत २०२० मध्ये प्रशासकीय खर्चाची मर्यादा शेकडा पन्नासवरून वीसवर आणली. तथापि केवळ आकड्याने निर्णय होत नाही. अन्नछत्रातील आचाऱ्याचा पगार आस्थापनेत धरावयाचा की उद्दिष्टात? रात्री रुग्णाजवळ बसणाऱ्या परिचारिकेचे वेतन हा खर्च वायफळ म्हणावयाचा काय? हिशेब ठेवणाऱ्या कारकुनाचा पगार वाचविणारी संस्था शेवटी हिशेबच ठेवीत नाही. १९६१ च्या आयकर कायद्याने धर्मादाय संस्थेस करमाफीसाठी उत्पन्नाचा शेकडा पंच्याऐंशी भाग उद्दिष्टांवर खर्च करण्याचे बंधन घातले, आणि २०२५ मध्ये संमत झालेल्या नव्या कायद्यातही ते तत्त्व राखले गेले. पण खर्च झाला एवढेच त्यावरून कळते, तो कोणाच्या उपयोगी पडला हे कळत नाही. ते जाणण्यास स्वतः जाऊन पंगतीत बसावे लागते.

तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट हीच. आपल्या समाजात याची उज्ज्वल उदाहरणे आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी पैसाफंडाची कल्पना गावोगाव नेली. एकेका पैशाच्या त्या वर्गणीतून १९०८ मध्ये तळेगावास काचेचा कारखाना उभा राहिला. ज्याने पैसा दिला त्याला तळेगावास जाऊन भट्टी पाहता येत होती. आणि आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेले संत गाडगेमहाराज (१८७६–१९५६) तर या विषयाचे मूर्तिमंत भाष्यच होत. त्यांच्या कीर्तनावर भाळून लोकांनी लाखो रुपये दिले. त्यांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा झाल्या. आणि बाबांच्या स्वतःच्या हाती अखेरपर्यंत खराटा आणि मडके एवढेच राहिले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. असा पुरुष हिशेब न देता मागता तरी लोकांनी दिले असते. पण प्रत्येक मागणारा गाडगेबाबा नसतो, आणि म्हणूनच वहीची गरज असते.

अलीकडे सौंसर तालुक्यातील एका लहान गावी आम्हांस एक भजनी मंडळ पाहावयास मिळाले. त्यांच्याजवळ ना कार्यालय, ना छापील अहवाल. परंतु सप्ताह संपला की देवळाच्या ओसरीवरच्या भिंतीवर खडूने लिहितात: ज्वारी किती पायल्या आली, डाळ किती, रोख किती, आचाऱ्यास काय दिले, उरले काय. पहिला पाऊस येईपर्यंत ती भिंत तशीच असते. शाळेत जाणारी मुले बेरीज करून पाहतात, आणि चूक सापडली तर ओरडून सांगतात. नाशिकच्या कातळावर जे कोरले गेले, तेच येथे खडूने लिहिले जाते. मंडळाच्या वृद्ध टाळकऱ्यांना आम्ही विचारले की, लोकांनी चूक दाखविली तर राग येत नाही काय? ते म्हणाले, “राग कायचा? देव काही मोजत नाही, म्हणून तर आपल्याले मोजा लागते.”

आमच्या विवेचनाचा निष्कर्ष यापेक्षा निराळा नाही. दान हा देव आणि भक्त यांच्यामधील व्यवहार असला, तरी त्याची वाट माणसांच्या हातांतून जाते, आणि हातांना डोळ्यांची गरज असते. हिशेब विचारणारा दाता देवावर अविश्वास दाखवीत नाही. तो आपल्या संकल्पाची शेवटपर्यंत सोबत करतो. तसेच न विचारता हिशेब पुढे ठेवणारा विश्वस्त आपल्या प्रतिष्ठेला उणेपणा आणीत नाही. तो दुसऱ्या वर्षीच्या दानाची वाट मोकळी करतो. प्रामाणिक संस्थांना या प्रश्नाचे भय नाही. उलट, न विचारणाऱ्या दात्यांच्या गर्दीत त्यांची आणि भोंदूंची पत्रके सारखीच दिसतात, आणि त्यात खरी हानी प्रामाणिकांचीच होते.

म्हणून पांढुर्णा-सौंसरच्या आणि सर्वच वाचकांस आमची विनंती आहे की, पुढील पोळ्यास पावतीपुस्तक दारी येईल तेव्हा घरातील एखादी आजी गेल्या सालचा हिशेब विचारू लागली, तर तिला गप्प करू नये. पावती घेऊन आलेल्या तरुणांस घरात बसवावे, पाणी द्यावे, आणि तिच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडून ऐकावे. उत्तर मिळाले तर हात सैल सोडून द्यावे. न मिळाले तर वर्षभराने वही घेऊन या, असे गोड शब्दांत सांगावे, आणि ती रक्कम देव्हाऱ्यात, देवापुढेच, तोवर राखून ठेवावी.